वस्तू खऱ्या, माणसं उसनी

सकाळी सात ते नऊ. रविवार आणि सणवार सोडून रोज. जुन्या गोव्यातल्या रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर एवढ्या दोन तासांत बाजार उभा राहायचा आणि मोडायचाही. लिलाव पुकारणारी माणसं अंगावर सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या लटकवून गर्दीतून हिंडायची. त्यांचं अंग हेच दुकान. अरबी घोडे यायचे, मसाले यायचे, गुलाम यायचे. गुलामांत बाया, बाप्ये, म्हातारे, पोरं सगळे. आमच्याकडे जनावरं विकतात तशी इथे माणसं विकतात, असं हे लिहून ठेवणाऱ्याने म्हटलं आहे. त्याचा सूर रागाचाही नाही आणि लाजेचाही नाही. बघितलं, टिपलं.

टिपणारा होता यान हाउखेन फान लिन्सखोतेन. जन्म १५६३, हार्लेमचा. वाढला एन्कहाउझेन या बंदराच्या गावी. विशीत गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होऊन १५८३ साली आला आणि १५८८ पर्यंत राहिला. बिशपच्या घरात राहायचं, पत्रं लिहायची, हिशेब बघायचे आणि उरलेल्या वेळात शहर न्याहाळायचं. परत गेल्यावर त्याने 'इटिनेरारिओ' हे पुस्तक लिहिलं, १५९६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लासने ते छापलं. त्यात नकाशे होते, आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली छत्तीस चित्रंही. पालखीतून जाणारी पोर्तुगीज बाई, रात्री मशालींच्या उजेडात चर्चला निघालेलं कुटुंब, खंबायतचे व्यापारी, मासेमारीच्या होड्या, घाटावरून आलेल्या लोकांच्या लग्नाची वरात, सती जाणारी ब्राह्मणाची बायको, नारळ, फणस, आंबा. आणि हा बाजार, घडी घालून पुस्तकात बसवलेला.

प्रबोधनकाळातली चित्रकला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मॅडोना येते नाहीतर सिस्टीन चॅपेलचं छत. माझ्या मते त्या काळाचं सगळ्यात लांब गेलेलं अपत्य म्हणजे हे पोस्टकार्डाएवढे, वहीएवढे छापील कागद. छत जागचं हलत नाही. कागद गाठोड्यात बसतो, जहाजावर चढतो, जत्रेत विकला जातो, फाटतो, आणि फाटायच्या आधी कोणीतरी त्याची नक्कल करून ठेवतो.

तांब्यावर कोरायचं काम मी कला महाविद्यालयात असताना थोडंफार केलं आहे. पोलादी कोरणी, तिला ब्युरिन म्हणतात, तळहातात धरून पुढे ढकलायची. पेन्सिल आपण आपल्याकडे ओढू शकतो. ब्युरिन फक्त पुढे जाते. वळण हवं असेल तर हात वळत नाही, चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच फिरवावा लागतो. तांब्याची बारीक कुरळी साल निघते, कडेला धारदार काठ उठतो, तो खरवडून काढायचा. मग शाई पत्रा गरम करून भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रुळांच्या यंत्रातून दाबून काढायचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अँटवर्पमध्ये निघालेल्या 'नोव्हा रेपेर्टा' या चित्रमालेत अशा कारखान्याचंच एक चित्र आहे: एकीकडे चष्मा लावून पत्र्यावर वाकलेला कोरक्या, दुसरीकडे यंत्र ओढणारे, वर दोरीवर वाळत घातलेले छापील कागद. स्वतःच्या धंद्याचं चित्र काढून ते विकणारा धंदा दुसरा कोणता असेल कोण जाणे.

या कामाची मेख अशी की मनगटाला सवयी लागतात. पोटरी कशी वळवायची, दंडाचा फुगवटा किती समांतर रेघांत दाखवायचा, कापडाची चुणी कुठे मोडायची, हे वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने हातात बसतं. समोर कोणाचंही चित्र ठेवा, हात आपली सवय सोडत नाही. आणि गोव्याचा बाजार कोरणाऱ्या हातांनी गोवा पाहिलेला नव्हता.

ते हात डूटेकम घराण्यातले. योहानेस आणि बाप्तिस्ता हे भाऊ. त्यांचा बाप योहानेस आणि काका लुकास हे दोघे अँटवर्पच्या हिरॉनिमस कॉकच्या छापखान्यासाठी काम करायचे. कॉकचं दुकान 'चार वारे' या नावाने ओळखलं जायचं, आणि त्याचा सगळ्यात हुशार चित्रकार म्हणजे पीटर ब्रूगल. ब्रूगल रेखाटन करायचा, तांब्यावर उतरवायचे दुसरेच. १५५९ च्या सुमाराचं 'संत जॉर्जची जत्रा' हे त्याचं चित्र डूटेकमांच्या थोरल्या पिढीने पत्र्यावर आणलं. गावची जत्रा आहे. पिपाणीच्या तालावर नाच चाललाय, तलवारींचा खेळ चाललाय, खानावळीपुढे पिणाऱ्यांची रांग लागली आहे. खानावळीवरच्या निशाणावर लिहिलंय: शेतकऱ्यांना त्यांची जत्रा करू द्या.

हे वाक्य उगाच आलेलं नाही. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३१ मध्ये फर्मान काढून जत्रा एका दिवसावर आणल्या होत्या. पण मला कुतूहल आहे ते निशाण वाचणाऱ्याचं. चित्र विकत घेणारा शेतकरी नव्हे. तो अँटवर्पचा व्यापारी, वकील, सराफ. भिंतीवर किंवा संग्रहाच्या वहीत त्याला गावची माणसं हवी होती, जरा ढेरपोटी, जरा झिंगलेली, जरा विनोदी. हसायला आणि थोडं हळहळायलाही. ब्रूगलचा मोठेपणा असा की तो हसू देतो पण हिणवू देत नाही; सगळ्यांनाच ते साधलेलं नाही. न्युरेंबर्गचा झेबाल्ड बेहाम बघा. १५२४-२५ च्या शेतकरी उठावात जर्मनीत हजारो शेतकरी कापले गेले. त्याच १५२५ साली बेहाम भावंडांना आणि त्यांच्या मित्राला अधार्मिक मतांवरून शहराबाहेर काढलं गेलं. एवढं सोसलेला माणूस. पुढे तो काडेपेटीहून थोड्या मोठ्या पत्र्यांवर नाचणारे, भांडणारे, ओकणारे शेतकरी कोरत बसला. खपत होते ते.

या सगळ्यांच्या आधीचा न्युरेंबर्गचाच चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर. बाप सोनार, त्यामुळे धातूवर कोरणं घरातच. १५१९ चं त्याचं बाजारातल्या शेतकरी जोडप्याचं चित्र आहे: तळहाताएवढं, पुढ्यात अंड्यांची टोपली आणि कोंबड्या. नवरा हात उचलून काहीतरी सांगतोय, बायकोचं लक्ष भलतीकडे. १५२०-२१ मध्ये ड्यूरर नेदरलंड्सला गेला तेव्हा छापील चित्रांची गाठोडी बरोबर होती, आणि त्याच्या रोजनिशीत त्या चित्रांचा वापर चक्क चलनासारखा झालेला दिसतो: इथे पाहुणचाराबद्दल दे, तिथे विक, कोणाला भेट दे. अँटवर्पला त्याला लुकास फान लायडन हा डच चित्रकार भेटला, दोघांनी आपापली चित्रं अदलाबदल केली.

या लुकासचं १५१० सालचं 'गवळण' बघितलं तेव्हा माझ्या डोक्यात हा सगळा विषय पहिल्यांदा नीट बसला. चित्र काढलं तेव्हा तो सोळाएक वर्षांचा असेल. दोन माणसं आहेत, एक गडी आणि एक बादलीवाली पोरगी, पण दोघंही कडेला. मधोमध आडवी उभी आहे गाय. ढुंगणाची हाडं वर आलेली, कातडं सैल. गडी आणि गवळण दुसऱ्या कोणत्याही चित्रातून उचलून आणल्यासारखी आहेत. गाय मात्र कुठून आणलेली नाही. ती त्याने पाहिली आहे, आणि पुष्कळ वेळ पाहिली आहे.

तेव्हापासून मी या प्रकारातली चित्रं माणसांपासून बघायला सुरुवातच करत नाही. आधी वस्तू.

आता गोव्याकडे. अॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने लिन्सखोतेनची चित्रं इंटरनेटवर मोठी करून ठेवली आहेत. पडद्यावर एकेक कोपरा वाढवत नेता येतो. कनारीन म्हणून ज्यांना पोर्तुगीज हाक मारायचे ती गोव्याच्या आसपासच्या खेड्यांतली माणसं बघा. शेती करणारी, मासे धरणारी, माडांची निगा राखणारी, शहरात कोंबड्या, अंडी, दूध, फळं विकायला आणणारी. म्हणजे ड्यूररच्या जोडप्याचेच व्यवसायबंधू. पण अंगाने ती कोकणातली नाहीतच. दंड फुगलेले, पोटऱ्या भरीव, एका पायावर भार टाकून दुसरा जरा पुढे: रोमच्या पुतळ्यांवरून शिकलेली उभं राहायची ढब. चेहरे सगळे एका घरातल्या भावंडांचे. बाजारातला पोर्तुगीज साहेब, त्याचा गुलाम आणि घाटावरचा शिपाई यांचे कपडे आलटूनपालटून घातले तर कोण कोण ते ओळखू येणार नाही.

आणि वस्तू? छत्रीचा लांब दांडा बघा, मागून चालणाऱ्या माणसाच्या हातात तो कसा कलला आहे. छत्री धरणारा आणि छत्रीखालचा यांच्यामधलं अंतर त्या कलण्यात आहे. पालखीचा बांबू मध्ये उंच वाकवलेला, खाली बसायला जागा व्हावी म्हणून. होड्या तर अशा की रापणकरांना दाखवल्या तरी हरकत घेणार नाहीत. मजकुरातही हेच. या लोकांच्या घरांबद्दल तो लिहितो: गवताची बुटकी घरं, दार इतकं ठेंगणं की वाकून रांगतच आत जावं लागतं, जमीन शेणाने सारवलेली. घरात सामान काय, तर झोपायला चटई, भात शिजवायला एकदोन मडकी, आणि भात कांडायला जमिनीतच केलेला खड्डा.

तो खड्डा म्हणजे वायन. सिंधुदुर्गात माझ्या आजीच्या घरी पडवीत होतं, काळ्या दगडाचं, जमिनीशी सपाट. कांडप बंद झाल्यावर त्यावर पाट टाकून ठेवायचे, म्हणजे पोरांचा पाय जायला नको. बिशपच्या कचेरीतला एक विशीतला डच कारकून कोणाच्या तरी झोपडीत वाकून शिरला, त्याने घरात काय काय आहे ते मोजलं आणि जमिनीतला खड्डासुद्धा मोजायचा सोडला नाही. त्या घरातल्या बाईचं नाव विचारावं असं मात्र त्याला वाटलं नाही. तिला पुस्तकात चेहरा मिळाला तो नेदरलंड्सच्या कोरक्याच्या हातातून.

वस्तू खऱ्या असतात हाही नियम सरसकट नाही, कबूल. ड्यूररचा गेंडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला दिलेला तो प्राणी जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढला, मे महिन्यात लिस्बनला उतरला. ड्यूररने न्युरेंबर्गमध्ये बसून एक वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरून लाकडी ठसा काढवला, गेंड्याला चिलखत चढवलं, पाठीवर एक जादा शिंगही बसवलं. युरोप पुढची अडीच-तीनशे वर्षं तसाच गेंडा काढत राहिला. म्हणजे मूळ बघणारा कोण होता आणि त्याने किती वेळ बघितलं, यावर सगळं आहे. लिन्सखोतेन पाच वर्षं बघत होता.

जुन्या गोव्याला गेले की मी चर्चच्या गर्दीतून बाहेर पडून नदीकडे येते. दिवाडीच्या फेरीबोटीचा धक्का, तिथून वर यायला व्हाइसरॉयची कमान, आणि कमानीतून पुढे जाणारा रस्ता म्हणजेच ती रुआ दिरैता. कमान लिन्सखोतेन गेल्यावर झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चित्रात खच्चून उभी असलेली घरं आता नाहीत; माड आहेत, झाडी आहे, शहाळेवाला आहे, सहलीच्या बसगाड्या आहेत. शहर पुरं उठून गेलं. तो लिलाव जिथे चालायचा त्या जागी त्याची काहीएक खूण नाही, आणि निदान गुलामांच्या बाजाराची एखादी पाटी असावी असं मला दर खेपेला वाटतं.

पुस्तकाचं पुढे काय झालं ते व्यापाराच्या इतिहासात ठळक आहे. लिन्सखोतेनने पोर्तुगीजांच्या जलमार्गांची माहिती उघडी केली, डचांची पहिली जहाजं १५९५ मध्ये पूर्वेकडे निघाली, १६०२ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. चित्रांचा प्रवास त्यामानाने कमी सांगितला जातो. फ्रँकफर्टच्या दे ब्री बंधूंनी १५९८ पासून आपल्या प्रवासवर्णनांच्या मालेत ती घेतली. घेतली म्हणजे नव्याने कोरली. छापलेल्या चित्रावरून दुसरा पत्रा कोरताना पुन्हा एक हात मध्ये येतो. सुट्या आकृत्यांना निसर्गदृश्य मिळालं, अंगं आणखी भरली, देव आणखी अक्राळविक्राळ झाले. सतीचं चित्र फार चाललं. वाद्यांच्या गजरात आगीत उडी घेणारी बाई हा युरोपच्या लेखी भारताचा चेहराच झाला. पुढच्या शतकभरात कोणीही भारतावर पुस्तक काढलं की ती कुठून तरी उडी मारत यायचीच. छत्री, पालखी, वायन एवढी लोकप्रिय झाली नाहीत. ओझं वाहणारी वस्तू खपत नाही, जळणारी बाई खपते.

आपल्याकडे मराठी इतिहासाच्या पुस्तकांत 'सोळाव्या शतकातील गोवा' एवढंच खाली लिहून हीच चित्रं छापतात. कोणी काढलं, कोणी कोरलं, मूळ आहे की दे ब्रीची नक्कल, काही नाही. फोटो असल्यासारखं. मला याचा राग येतो, आणि तो व्यवसायातून येतो. चित्राच्या कोपऱ्यात कोरक्याने आपलं नाव मुद्दाम उलटं कोरलेलं असतं, कागदावर सुलटं यावं म्हणून. ते कापून टाकून चित्र छापणं हा शुद्ध आळस आहे.

त्या वर्षांत गोव्यात दुसऱ्या तऱ्हेने बघणारेही होते. १५८३ मध्ये राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याला आणि त्याच्या साथीदारांना पोर्तुगीजांनी हेर समजून तुरुंगात टाकलं. त्यांच्यात जेम्स स्टोरी नावाचा एक चित्रकार होता. जेझुइट पाद्र्यांना चित्रकार हवाच होता, त्यांनी त्याला आपल्यात घेतलं. लिन्सखोतेनने ही हकीकत लिहिली आहे. पुढे स्टोरीने मठ सोडला आणि गोव्यातल्याच एका मुलीशी लग्न करून तिथे राहिला. या इंग्रजांच्या सुटकेसाठी खटपट करणारा पाद्री म्हणजे थॉमस स्टीफन्स, ज्याचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. स्टीफन्स त्याच कनारीनांमध्ये राहिला, त्यांना ख्रिस्ती करायलाच आला होता, हे विसरायचं कारण नाही. पण त्याला त्यांचं ऐकावं लागलं. ओवी लिहायची तर कान द्यावाच लागतो. चित्र कोरायला त्याची गरज पडत नाही.

आणि कागद उलट दिशेनेही वाहत होते, तेही गोव्यातूनच. अकबराच्या बोलावण्यावरून जेझुइटांची पहिली मंडळी १५७९ च्या अखेरीस गोव्याहून निघाली आणि फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचली. त्यांनी अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं भव्य बायबल बादशहाला दिलं, त्यात कोरीव चित्रं होती. मागोमाग सुटे कागदही येत राहिले. मुघल कारखान्यातल्या चित्रकारांनी ते बघितले, गिरवले, शाहजादा सलीमने काही तर जसेच्या तसे आपल्या चित्रसंग्रहाच्या पानांवर चिकटवून घेतले.

त्यांच्यातल्याच अबुल हसन या चित्रकाराने केलेली एक नक्कल ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे. ड्यूररच्या १५११ च्या क्रूसारोहणातला संत जॉन, १६०० च्या सुमारास, तेराव्या वर्षी काढलेला. क्रूस नाही, येशू नाही, मेरी नाही. दुःखाने हात आवळलेला एकटा माणूस. त्या पोराने कशाकडे बघितलं असेल ते रेघांवरून कळतं: अंगरख्याच्या चुण्यांकडे. चुणी कुठे मोडते, सावली कुठे साठते, रेघ जाड-बारीक होत वळण कसं घेते. न्युरेंबर्गचा हात त्याने पुरता शिकून घेतला आणि न्युरेंबर्गची गोष्ट तिथेच ठेवली. पुढे मुघल चित्रांत फिरंगी येतात तेव्हा टोपी, झगा, गळ्याची चुणीदार पट्टी सगळं ठीकठाक असतं, आणि त्या टोपीखालचा चेहरा पुष्कळदा आग्र्याचा असतो. म्हणजे अॅमस्टरडॅमने आपल्याशी जे केलं तेच आपण त्यांच्याशी केलं, फक्त आपल्या चित्राची एकच प्रत निघायची म्हणून ते जगभर गेलं नाही.

याला एक छेद देणारं पान आहे. सलीमच्या, म्हणजे जहांगीरच्या, संग्रहातलं. मधोमध फारसी सुलेखन, आणि भोवतीच्या रुंद समासात बारीक सोनेरी नक्षीत बसवलेली माणसं: कागद घोटणारा, पुस्तक बांधणारा, पुस्तक ठेवायची रेहल बनवणारा सुतार. माणसाच्या अंगाला सावली देऊन गोलाई आणायची युक्ती त्या कागदांवरून उचललेली आहे, हे डोळ्यांना लगेच कळतं. पण बसणं उसनं नाही. मांडी, पाठीचा बाक, हत्यारावर आलेला खांद्याचा जोर, हे रोज शेजारी बसणाऱ्याने शेजाऱ्याचं काढलेलं आहे, कारण चित्रकार त्याच कारखान्यातला होता. हे पान वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे. त्यातली फारसी मला वाचता येत नाही, आणि खरं सांगायचं तर समासातल्या त्या सुताराला सोडून मधल्या मजकुराकडे बघायला मला सवड झालेली नाही.